हरिपूरला, दादा गेल्यावर

बुधवार, रात्र

कल्याणला महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये चढले तेव्हा डब्यात निजानीज सुरू झाली होती. समोरच्या बाकावर कोल्हापूरला लग्नाला निघालेलं कुटुंब होतं. त्यातल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही पण लग्नालाच का?" म्हटलं, "नाही, माहेरी. भावाच्या दहाव्याला." त्यांनी पोरांना गप्प केलं आणि खालचा बाक मला दिला. माझं आरक्षण वरच्या बाकाचं होतं.

दादा शेतातच गेला. माघातले दिवस, हळदीची काढणी चालू, एकीकडे शिजवायचं काम. छातीत कळ आली म्हणाला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मला फोन आला तो दुसऱ्या दिवशी, अग्नी देऊन झाल्यावर. "आत्या, बाबा गेले." भाच्याचा आवाज मी ओळखला नाही. शेवटचा ऐकला तेव्हा तो शाळेत होता. मला कळवायचं की नाही यावर रात्रभर घरात बोलणं झालं असणार, हे त्याच्या चाचरण्यातूनच समजलं. मग वहिनींनी फोन घेतला. "वन्सं, रक्षाविसर्जनाला तुमाला पोचायचं न्हाई. दहाव्याला या." एवढंच बोलल्या, पण "या" म्हणाल्या.

वांगणी मागे गेलं. २७ जुलै २०१९ ला हीच गाडी इथं पुराच्या पाण्यात अडकली होती, हजाराहून जास्त माणसं डब्यांतून बाहेर काढावी लागली होती. पुढच्याच पंधरवड्यात कृष्णेनं सांगली बुडवली. टीव्हीवर हरिपूरचा रस्ता दिसतो का म्हणून मी दिवसदिवस बसून होते. तेव्हाही आमचं बोलणं बंदच होतं.

बंद झालं ते आबांच्या तेराव्याला, २००६ साली. दादानं हक्कसोड पत्राचा कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "सही कर. सगळ्या बहिणी करत्यात." मी केली नाही. मला जमीन विकायची नव्हती, वाटणीही नको होती. आबांच्या मागे त्यांच्या दोन्ही लेकरांची नावं सातबाऱ्यावर लागावीत, इतकंच माझं म्हणणं होतं. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होते. वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलगी १९५६ पासून वारस आहे. महाराष्ट्रानं १९९४ साली वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलीला जन्मानं हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून, आणि माझं लग्न १९९१ चं. ती आडकाठी ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं गेली. आबा त्यानंतर वारले. हे सगळं मी दादाला नीट समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मला कायदा शिकवतीस व्हय?" आणि उठून परड्यात गेला. त्यानंतर राखी नाही, भाऊबीज नाही. भाचीच्या लग्नाची पत्रिका पोस्टानं आली, फोन आला नाही.

दादाची बाजूही मला माहीत होती. २००५ च्या पुरात आमची हळद गेली होती आणि त्याला कर्ज उभं करायचं होतं. त्याची अडचण खरी होती. पण त्या अडचणीवरचा तोडगा म्हणून बहिणीनं स्वतःला पुसून टाकावं, हे मला तेव्हा मान्य नव्हतं, आजही नाही.

गुरुवार

सांगली स्टेशनवर पहाटेचा गारठा. भाचा घ्यायला आला होता. त्याचं कपाळ दादाचं आहे, चालही. डोकं भादरलेलं. पाया पडला आणि माझी पिशवी घेतली. हरिपूर तिथून जवळच, सांगलीला जवळपास चिकटलेलं. सकाळच्या अंधारात रस्ता ओळखू येईना, इतकी नवी घरं झाली आहेत.

दारात वहिनी उभ्या होत्या. मला वाटलं होतं, रडारड होईल. झाली नाही. त्या म्हणाल्या, "हातपाय धुवा, च्या ठेवलाय," आणि मी माजघरातून न्हाणीकडे वळले. पायांना वाट पाठ होती.

दादाचा फोटो सोप्यात, पाटावर. शेजारी समई. फोटोत तो म्हातारा दिसतो. मी सोडून आले तो दादा काळ्याभोर मिशांचा होता, आणि मधली वर्षं मला दाखवायला आता कुणी नाही. बराच वेळ तिथंच बसले. आल्यागेल्या बायका माझ्याकडे बघत, मग वहिनींकडे बघत. एक जुनी शेजारीण तेवढी जवळ आली. "आलीस व्हय गं?" म्हणाली आणि माझा हात धरून बसून राहिली.

उन्हं वर आल्यावर परड्यात गेले. आमचं पेव होतं तिथं आता शहाबादी फरशी आहे, तिच्यावर तुळशीच्या कुंड्या.

ज्यांनी हरिपूरची पेवं पाहिली नाहीत त्यांना हे सांगायला हवं. सांगलीच्या हळदीच्या व्यापाराला गोदामं पुरत नसत तेव्हापासून हरिपूरच्या जमिनीत ही हळदीची कोठारं होती. इथल्या मातीत खोल खड्डा खणायचा, तोंड अरुंद आणि पोट रुंद. आतून पाला आणि चटया लावून पोती न ठेवता हळद तशीच ओतायची, वर मातीनं तोंड लिंपून टाकायचं. आत बाहेरची हवा शिरत नाही, म्हणून कीड नाही. दर पडलेला असला तर व्यापारी वर्ष वर्ष थांबू शकत. पेव फोडलं की लगेच उतरायचं नाही, आतली हवा माणूस मारते. तोंड काही तास उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. तो विझला नाही तरच हमाल उतरायचे. आम्ही दोघं काठावर पालथं पडून तो कंदील खाली जाताना बघायचो आणि दादा माझ्या परकराचं टोक मुठीत धरून ठेवायचा. आबांनी त्याला तेवढंच काम दिलेलं असायचं.

२००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं. जमिनीखालची हळद कुजली, मातीच्या भिंती ढासळल्या. गावातली बहुतेक पेवं त्या एका पुरात कामातून गेली. आमचं पेव तेव्हा भरलेलं होतं, कारण दर चढेल म्हणून आबा थांबले होते. आबांना ते झेपलं नाही. पाणी ओसरल्यावर त्यांनी पेवाच्या तोंडाशी खुर्ची टाकली आणि तिथंच बसायला लागले. आमच्या घराचं भांडण मोजायचं तर ते त्या पेवापासून मोजायला हवं. पाण्यानं जे नेलं त्याचा हिशेब आम्ही एकमेकांकडे मागितला.

शुक्रवार

दिवसभर माणसं. कुणी भाकऱ्या आणल्या, कुणी पिठलं. हळदीच्या पेठेतले हमाल एकत्र आले, सोप्यात ओळीनं बसले आणि दादाच्या वजनकाट्याबद्दल बोलले. त्याच्या काट्यावर कुणाची छटाकही बुडाली नाही, असं त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा म्हणाला. मला बरं वाटलं.

संध्याकाळी भाची आली, इचलकरंजीहून, कडेवर मूल. तिनं मला बघितलं आणि तिला हुंदका फुटला. तिच्या लग्नात मी नव्हते.

शनिवार, दहावा

संगमावर गेलो. कृष्णेला इथं वारणा मिळते, काठावर संगमेश्वराचं देऊळ. श्रावणी सोमवारी या घाटावर पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा आबा आम्हाला खांद्यावर घेत. आज पाणी पार खाली गेलेलं, पायऱ्या उघड्या पडलेल्या.

पिंड मांडला. सगळे मागे सरकले. मी मनात तयारी करून आले होते, की कावळा अडेल. तो अडेल, लोक माझ्याकडे बघतील, मला पुढे होऊन काहीतरी कबूल करावं लागेल, असं रात्रभर वाटत होतं. कावळा लगेच आला. माणसं नीट मागे सरकायच्या आतच शिवला. "सुटला बघा," कुणीतरी म्हणालं. लोकांना हायसं वाटलं. मला मात्र तिथंच घाटावर रडू कोसळलं, कारण दादाचं माझ्यापाशी काही अडलेलं नव्हतं. तो माझी वाट बघत होता असं मला वाटून घ्यायचं होतं.

घरी परतल्यावर दुसरी गोष्ट उभी राहिली. नात्यातल्या दोन वयस्कर बायका वहिनींना न्हाणीकडे नेऊ लागल्या, बांगड्या आणि मंगळसूत्र उतरवायला. अग्नीच्या दिवशी गडबडीत ते राहिलं होतं म्हणे. भाची आडवी झाली. "आईला हात लावायचा न्हाई." त्यांनी रीत सांगितली. भाचा बाहेरून आत आला आणि म्हणाला, "हेरवाडनं बंद केलंय, आपल्याला काय झालंय?"

हेरवाड इथून फार लांब नाही, पलीकडे शिरोळ तालुक्यात. तिथल्या ग्रामसभेनं २०२२ च्या मे महिन्यात ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं गावात होणार नाही. आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. कागदावरचा ठराव घराच्या न्हाणीपर्यंत पोचतो का, याबद्दल मला शंका होती. आज पोचलेला पाहिला. एवढ्याशा गावानं हात वर करून केलेली गोष्ट, आणि माझ्या वहिनीच्या हातांत बांगड्या राहिल्या. त्या बायकाही वाईट नव्हेत. त्यांच्यातल्या एकीचे स्वतःचे हात मोकळेच होते, आणि ती सगळ्यात आधी मागे वळली.

वहिनी स्वतः काहीच बोलल्या नाहीत. संध्याकाळी मात्र कुंकवाचा करंडा उघडून आरशापाशी उभ्या राहिल्या आणि तसाच मिटवून ठेवला. तो त्यांचा निर्णय. मला तोही पटला.

रविवार

आज घरात बाहेरचं कुणी नव्हतं. वहिनी आणि मी सोप्यात बसून तांदूळ निवडले, आणि त्या बोलायला लागल्या.

सोप्याच्या मधल्या खांबावर पुराच्या खुणा आहेत. दादानं पाण्याची रेघ तासून त्यावर लाल रंग भरला आहे आणि शेजारी साल लिहिलं आहे: २००५, २०२१, आणि सगळ्यांत वर २०१९. तेव्हा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फुटांची असताना. रेघ माझ्या डोक्याच्या वर आहे. मी हात उंच करून तिला लावला.

"पाणी जाताना बसून ऱ्हायचं न्हाई बघा," वहिनी सांगत होत्या. "पाणी उतरंल तसं खराट्यानं गाळ ढकलत ऱ्हायचा. एकदा वाळला की पारंनं बी निघत न्हाई. धान्य फेकायचं, गाद्या फेकायच्या. कपाटं फुगलेली. साप तर किती. ह्यो माणूस तीन दिवस पाण्यात हुभा. मी म्हटलं, ऊठू या हितनं, मिरजंला घर घिऊ. तर म्हणाले, आबांचं घर हाय."

मी विचारलं, कर्ज काढलं का? त्या तांदळातून मान वर न करता म्हणाल्या, "कुठलं? सातबाऱ्यावर तुमचं बी नाव. बँक म्हणली, बहिणीचं संमतीपत्र आणा. ह्यांनी आणलं न्हाई."

म्हणजे आबांनंतर वारस म्हणून माझं नाव लागलं होतं. दादानं ते लावू दिलं होतं. आणि त्या नावापायी इतकी वर्षं त्याला शेतावर पीककर्ज मिळालं नाही, कारण माझी सही मागायला तो फोन उचलणार नव्हता. सावकाराकडून आणि अडतीवरून जास्त व्याजानं उचल घेत त्यानं हळद लावली. मी संमतीपत्रावर एका दिवसात सही केली असती. त्यावर सही केल्यानं हक्क जात नाही, फक्त कर्जाला मान्यता मिळते. हे त्याला सांगणारं कुणी नव्हतं, आणि माझ्याकडून ऐकायची त्याची तयारी नव्हती. आमच्या अबोल्याची किंमत व्याजात मोजता येते, हे मला आज प्रथम कळलं. मी निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत बसले.

दुपारी दादाचं कपाट आवरायला घेतलं. खरं सांगायचं तर मी काहीतरी शोधत होते. न पाठवलेलं पत्र, जुनी राखी, माझ्या नावानं लिहिलेली एखादी ओळ. पट्टीच्या पावत्या होत्या, खताची बिलं होती, हळदीच्या सौद्यांच्या वह्या होत्या, वळणदार अक्षरातल्या. माझं कुठंच काही नव्हतं. वहिनींना विचारलं, माझं नाव काढायचा का? "न्हाई. कुणी काढलं तर उठून जायचे," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पर वाईट बी कधी बोलले न्हाईत. दुसऱ्याला बी बोलू दिलं न्हाई."

एवढंच मिळालं. त्याला वाढवून, फुलवून मी काही करणार नाही. दादा शेवटपर्यंत रागावलेलाच होता आणि त्याच रागात गेला. तो माझा सख्खा भाऊ होता, आणि पेवाच्या काठावर त्यानं मला कधी पडू दिलं नाही. मी सही केली नाही ते बरोबरच होतं. या सगळ्या गोष्टी एका घरात राहू शकतात. मला त्यांतली एकही खोडायची नाही.

सोमवार, बारावं

जेवणावळ, पाहुणे, टॉवेल-टोप्या. गोडाचा घास तोंडाला लावला.

जेवणानंतर पुरुष मंडळी सोप्यात टेकली आणि नात्यातल्या एका वडीलधाऱ्यानं विषय काढला. वारसाची नोंद आता करायची, तर तिघांची नावं लावण्यापेक्षा पोरीचं हक्कसोड घेऊन टाका, नंतर भानगड नको. अगदी तीच जागा. तोच खांब. भाचीनं मूल मांडीवर घेतलं होतं, तिनं माझ्याकडे पाहिलं. मला बोलायचं होतं, कायदा पाठच होता. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं तर हेही स्पष्ट केलं, की मुलीचा हक्क जन्मानं आहे, त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असावे लागत नाहीत. पण हे घर आता वहिनींचं आहे आणि त्या उठून उभ्या राहत होत्या.

त्या दाराच्या चौकटीला धरून म्हणाल्या, "मामा, ह्या घरात एकदा ह्याच कागदापायी बोलनं बंद झालंय. माझ्या पोरांत मला ते नको. तिघांची नावं लागतील."

कुणी काही बोललं नाही. भाच्यानं मान हलवली. मामा उठले, चपला घातल्या आणि भाच्याच्या पाठीवर हात ठेवून गेले. तेही रागावले नाहीत बहुधा. मुलीच्या लग्नाचा पैशांत सौदा होऊ नये म्हणून नाटक लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल याच हरिपूरचे, १८५५ चा त्यांचा जन्म. शाळेत असताना आम्हाला त्यांचा केवढा अभिमान शिकवला होता. गावाला त्यांच्या म्हणण्याच्या पुढच्या टप्प्यावर यायला इतका काळ लागला, आणि ते पाऊल उचललं चौथी शिकलेल्या बाईनं.

मंगळवार

सकाळी चौघं मिळून तलाठी कार्यालयात गेलो. मृत्यूचा दाखला, आधार, रेशनकार्ड, वारसांचं प्रतिज्ञापत्र. भाच्यानं सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट लावून आणले होते, पुराच्या गावातल्या माणसाची सवय. बाहेरच्या बाकावर हळदीचे शेतकरी बसले होते, त्यांच्या सदऱ्यांवर पिवळे डाग. राजापुरी हळदीला या हंगामात काय दर निघतोय यावर त्यांचं चाललं होतं. भाचा त्यांच्यात जाऊन बसला आणि चटकन बोलायलाही लागला. दादाची हळद अजून शेतात वाळत पडली आहे, ती पॉलिश करून सौद्याला न्यायची आहे. ते काम कुणाच्या सुतकासाठी थांबत नाही.

मी भाच्याला सांगितलं, माझं नाव मी काढणार नाही. पण दर हंगामाला बँकेचं संमतीपत्र पाठव, मी सही करून देईन. सावकाराकडे जायचं नाही. तो म्हणाला, "आत्या, काढा असं मी म्हटलंच न्हाई की."

वारसाचा अर्ज घेतला गेला. संमतीपत्राचं मात्र अडलं. सातबाऱ्यावर माझं नाव माहेरचं आहे, आधारवर सासरचं. दोन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र लागेल, सोबत लग्नाचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद. १९९१ साली आम्ही लग्नाची नोंदणी केलेली नव्हती. साहेबांनी विचारलं, ओळख पटवणारं कुणी आहे का? वहिनी पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "मी हाय की. माझी नणंद हाय ही." त्यांनी त्यांचं आधार टेबलावर ठेवलं.

प्रतिज्ञापत्राला साक्षीदार म्हणून त्या चालतील, पण राजपत्राचा अर्ज मलाच करावा लागणार आणि मूळ कागद घेऊन पुन्हा यावं लागणार. पाडव्याच्या आत केलं तर या हंगामाचं कर्ज बसेल, असं साहेब म्हणाले. भाच्यानं तारीख मोबाईलमध्ये लिहून घेतली. वहिनी म्हणाल्या, "येताना मुक्कामाला या वन्सं. एका दिसात पळायचं न्हाई."

म्हटलं, येते.